माझी तारीख सासूला विचारली

माझ्या कपाटात अकोल्याचा एक जुना केस पेपर आहे. घडीवर फाटलाय, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. घराची कागदपत्रं, गाडीची कागदपत्रं आणि त्यांच्याखाली हा. त्यावर माझं नाव आहे, वय बावीस लिहिलंय, आणि खाली डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात एक ओळ आहे: शेवटची पाळी आठ दिवसांपूर्वी. ती ओळ खोटी आहे. त्या दिवशी त्या खोलीत हे एकट्या मला माहीत होतं, आणि एकट्या मलाच कोणी विचारलं नाही.

वीस वर्षांच्या वर झाली, आता सोड, असं मला माझा भाऊ सांगतो. मी अमरावतीला फुलांचा धंदा करते. झेंडू, शेवंती, निशिगंध शेतकऱ्यांकडून उचलते, बाजारात विकते, लग्नाचे मांडव सजवते. पहाटेच्या लिलावात किलोमागे रुपया कमी करून घेतल्याशिवाय मी हात मागं घेत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. मी भाव सोडत नाही, तर ही गोष्ट कशी सोडू?

माझं माहेर अमरावतीजवळ, फुलं-भाजी पिकवणाऱ्यांचं. मला दिलं ते अकोटकडच्या एका गावात, काळ्या जमिनीच्या घरात. घरात अकरा माणसं. बायका तीन: सासू, जाऊ आणि मी. नवरा चांगला होता, म्हणजे काही बोलत नव्हता. त्या वयात मला ते चांगुलपण वाटायचं.

त्या घरात पाळी आली की बाजूला बसायचं. ओसरीच्या टोकाला एक कोपरा होता, तिथं एक सतरंजी, एक वेगळा तांब्या, एक वेगळी थाळी. चार दिवस चुलीला, पाण्याला, कोणाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. लोकांना वाटतं यात बाईचा अपमान आहे. असेलही. पण ज्या घरात पहाटे उठून अकरा जणांच्या भाकरी थापाव्या लागतात, त्या घरात तो कोपरा म्हणजे काय असतं ते भाकरी थापणारीला विचारा. जाऊ तर उघड म्हणायची, "देवानं बाईले महिन्यातून चार रोज सुटी देल्ली, मांगून नाही भेटत ते."

आणि बाजूला बसलं की ते सगळ्या घराला दिसतं. सासऱ्याला दिसतं, दिराला दिसतं, दूध घ्यायला आलेल्या शेजारणीला दिसतं. सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोन्ही सुनांच्या तारखा तिच्या डोक्यात पक्क्या. मोठी पोळ्याच्या करीला बसली, लहानी नागपंचमीला बसली. आम्हाला मोजायची गरजच नव्हती, आमच्या वतीनं ती मोजायची. माझ्या अंगाचा हिशेब माझ्याकडे नव्हता, तो तिच्याकडे होता, आणि यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नाही. राग मला आज येतो. तेव्हा यायला हवा होता.

त्या वर्षी मी नागपंचमीला बसले होते. त्यानंतर पोळा झाला, गणपती बसले आणि महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि देवीच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा. करंज्या, वेण्या, फण्या, सगळं तळायचं. दोन दिवस जाऊ कढईशी आणि मी लाटायला. तेलाचा वास माझ्या डोक्यात चढायचा. उभ्या उभ्या झोप यायची. दोनदा मागच्या बाजूला जाऊन ओकले आणि तोंड धुऊन परत लाटायला बसले. माझी पाळी चार-पाच दिवस पुढं गेली होती, पण ती आधीही अशी मागंपुढं व्हायची. मला वाटलं, अंग इतकं मोडून आलंय, कंबर धरलीय, म्हणजे आज नाही तर उद्या येणार.

आणि मग मी ते केलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, अजून उजाडायचं होतं तेव्हा, मी सासूला सांगितलं की मी बाजूला बसले.

मला ते खोटं वाटलंच नाही. येणारच आहे, दुपारी नाहीतर संध्याकाळी येईल, मी फक्त आधी सांगितलं. माल अजून वावरात आहे आणि मी त्यावर उचल घेतली, एवढंच. सासूनं माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"मोठ्या वक्ताले बरी सुचली तुले," ती म्हणाली. "आता सोळा भाज्या कोन चिरीन? तुही माय येते काय?"

जावेनं कढईत झारा आपटला.

मी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन आडवी झाले. लग्न होऊन सवा वर्ष झालं होतं आणि त्या घरात मला पहिल्यांदा पोटभर झोप मिळाली. आरत्या ऐकू येत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता, आणि मी झोपले होते. इतकं सुख मला पुढं पैसा आला तेव्हाही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पाहिली. पाळी आली नाही. पाचव्या दिवशी सासूनं वरून पाणी घातलं, मी न्हाले आणि कामाला लागले. आता सांगणार कुणाला? दिवस गेलेत असं म्हणायचं तर आधी हे कबूल करायचं की महालक्ष्म्यांच्या सणात, अख्खं घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी विटाळाचं सोंग केलं. मी ठरवलं, एक महिना जाऊ दे. पुढच्या महिन्यात बसायची वेळ आली की न बसता सांगेन, मग सगळ्यांना आनंदच होईल आणि मागचं कोणी मोजणार नाही. मी तेव्हाही हिशेबी होते. फक्त माझ्या पोटात काय चाललंय ते त्या हिशेबात नव्हतं.

न्हाल्यावर चौथ्या दिवशी पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं. असं की वाकल्याशिवाय चालता येईना. ओवा खाल्ला, शेक घेतला. मग नवऱ्यानं एसटीत बसवलं आणि सासूसकट आम्ही अकोल्याला गेलो, एका नावाजलेल्या डॉक्टरकडे. बाहेर इतकी गर्दी की लोक पायऱ्यांवर बसलेले. आमचा नंबर लागला तेव्हा नवरा दाराशी थांबला आणि मी आणि सासू आत गेलो.

डॉक्टरनं मान वर केली नाही.

"काय होतंय हिला?"

"पोट दुखते साहेब. कालपासून लयच दुखते," सासू म्हणाली.

"लग्नाला किती झाले?"

"सवा वर्स."

"दिवस वगैरे?"

"नाही जी. आत्ताच तं बाजूले बसली होती, महालक्ष्म्यायच्या वक्ताले. आठ रोज झाले. मीच तं आंघोळ घातली तिले."

सासू खोटं बोलत नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं ते ती देवाच्या शपथेनं सांगत होती. डॉक्टरनं लिहिलं: आठ दिवसांपूर्वी. मी त्याच्या पेनाकडे बघत होते. त्यानं एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. मला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं, "इथं दुखतं?" एवढा एक प्रश्न मला विचारला. मी हो म्हटलं. तो सासूला म्हणाला, अपेंडिक्सची सुरुवात दिसते, गोळ्या देतो, इंजेक्शन देतो, तीन दिवसांनी आणा. आणा. मी जणू दुरुस्तीला दिलेला पंखा.

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललीस. तुम्हाला हेच म्हणायचं असेल तर रांगेत उभे राहा, कारण तुमच्याआधी पुष्कळ जणांनी म्हटलंय.

तिसऱ्या दिवशी अंगणात शेण उचलताना माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला. जीपमधून अकोल्याला नेलं. तो डॉक्टर नव्हता म्हणून दुसरीकडे नेलं. तिथं एक डॉक्टरबाई होती, उंच, चष्म्याची, आवाज पुरुषासारखा. सासू तिलाही सांगायला लागली, अपेंडिक आहे, आठ-दहा रोजापयलेच बाजूले... बाईनं तिचं ऐकून घेतलं नाही. सासूच्या खांद्याला धरलं, दाराबाहेर नेऊन उभं केलं आणि दार लोटून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाळा, खरी पाळी कधी आली होती?"

मी म्हटलं, "नागपंचमीले."

संपलं. एका शब्दात संपलं. दार लोटायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ त्या प्रश्नाला लागला. एवढंसं काम होतं ते, आणि ते करायला पहिल्या डॉक्टरला जमलं नव्हतं.

गर्भ पिशवीत नव्हता, नळीत अडकला होता आणि नळी फुटली होती. पोट रक्तानं भरलं होतं. मी वाचले. नळी काढून टाकली. ते मूल कुठल्याही डॉक्टरकडे वाचणार नव्हतं, हे मला त्या बाईनंच नीट समजावून सांगितलं, आणि मी ते मान्य करते, फुकटचा आरोप मी करत नाही. पण तीन दिवस आधी कळलं असतं तर नळी कदाचित राहिली असती, पोट आतून चिकटलं नसतं, असंही तीच म्हणाली. दुसरी नळीही निकामी झाल्याचं पुढं कळलं.

सासूला सगळं कळलं तेव्हा ती माझ्या खाटेशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "सनासुदीत खोटा इटाळ पाळला, मंग काय होईन? मायनं दाखोलं तुले." माय म्हणजे महालक्ष्मी. नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. दीड वर्षात त्या घरानं मला परत पाठवलं. त्यानं दुसरी केली. त्याला आता मुलं आहेत, बरं आहे.

पण त्याआधी, ऑपरेशननंतर विश्रांतीला माहेरी असताना, टाके वाळल्यावर, मी एकटी एसटीनं अमरावतीहून अकोल्याला गेले. त्या पहिल्या डॉक्टरकडे नंबर लावला, तीन तास बसले, आत गेले, केस पेपर त्याच्यासमोर ठेवला.

"हे तुमी मले काहून नाही इचारलं?"

त्यानं वाचलं. आठवायचा प्रयत्न केला असावा. "तुमच्या सासूबाईंनी सांगितलं ना."

"पाळी माही होती का सासूची?"

"हे बघा, तुम्ही तिथंच होतात. चुकीचं सांगत होत्या तर बोलायचं होतं. तुम्हाला तोंड नव्हतं का?"

"सासूपुढं नव्हतं. तुमाले हे माहीत नाही? इतक्या बाया तपासता, तुमाले हे माहीत नाही?"

"आम्ही प्रत्येकीच्या नातेवाइकाला बाहेर काढत बसलो तर दवाखाना चालणार नाही," तो म्हणाला आणि बेल दाबली. पुढचा पेशंट आत आला. मी केस पेपर उचलला. तोच हा.

ही गोष्ट झाल्यापासून मी ज्या ज्या दवाखान्यात गेले तिथं माझे कान त्या एका प्रश्नाकडे असतात. आणि गंमत अशी की जेव्हा विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, आणि आता जिथं जाईन तिथं ओरडून विचारतात. दोन वर्षांपूर्वी फुलांच्या गाडीवरून पडून माझं मनगट मोडलं. अमरावतीतच एक्स-रे काढायला गेले. बाहेर पंधरा-वीस माणसं, त्यात बाजारातले दोन व्यापारी. आतून त्या एक्स-रेवाल्यानं दार अर्धं उघडून हाक मारली, "बाई, प्रेग्नंट वगैरे नाही ना?"

"गेले होते दिवस, वीस वर्सांपयले," मी म्हटलं. "तवा कोनी इचारलं नाही. आता इचारून काय उपेग?"

तो बावरला. "नियम आहे मॅडम, विचारावंच लागतं."

"मंग जवळ येऊन इचार. कांद्याचा भाव सांगून राहिला काय?"

लोक हसले. व्यापारी तर पुढं महिनाभर मला बघून हसत होते. हसू देत. प्रश्न बरोबर होता, हे मी त्यालाही सांगितलं. प्रश्नाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तो कुणाला विचारला, कुणापुढं विचारला, एवढ्यावरच माझं भांडण आहे. आणि ते मला इतकं पाठ आहे असं मला वाटायचं, की माझ्याकडून तशी चूक होणं शक्यच नाही.

यंदाच्या पावसाळ्यात माझी भाची आजारी पडली.

माझा भाऊ परतवाड्याकडे असतो, त्याची संत्र्याची बाग आहे. त्याची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे आली ती नोकरी लागल्यावरही माझ्याकडेच राहिली. तेवीस वर्षांची आहे. तिचं लग्न ठरलंय, महिन्याभरानं साखरपुडा होता. मुलगा अमरावतीतलाच, घरी येऊन-जाऊन असतो. त्या दिवशी मी बाजारातून आले तर ती बाथरूमच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"आत्या, लय दुखून राहिलं."

"कुठं?"

तिनं उजवीकडे खाली हात ठेवला.

मी तिला रिक्षात कशी घातली ते मला आठवत नाही. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती, नीट बोलणारी. तिनं भाचीला टेबलावर झोपवलं, ताप पाहिला, आणि कागद पुढं ओढून विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

तिनं भाचीकडे बघून विचारलं होतं, हे मला नंतर आठवलं. कारण भाचीचं तोंड उघडायच्या आत मी बोलले होते.

"पंधरा रोज झाले. टायमाशीर येते तिची, मीच पॅडचा पुडा आनून देल्ला होता मेडिकलातून. अन् लग्न व्हाचं आहे तिचं अजून, त्याच्यानं ते दुसरं काही इचारूच नका."

डॉक्टरनं मान डोलावली आणि लिहिलं.

भाची त्या पेनाकडे बघत होती.

मी ते बघणं ओळखते. जगात दुसरं कोणी ओळखो न ओळखो, मी ओळखते. तिच्या मनात काय होतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल, दुखण्यानं तिची नजर कुठंतरी टेकली असेल. पण त्या क्षणी मी माझी सासू झाले होते, माझ्याच तोंडानं, आणि मला कोणी अडवलं नव्हतं. वीस वर्षं मी त्या डॉक्टरला शिव्या दिल्या आणि वेळ आली तेव्हा मी सासूपेक्षाही पुढं गेले. सासूनं निदान फक्त तारीख सांगितली होती. मी पुढचा प्रश्नच बंद करून टाकला होता.

आता माझा स्वभाव असा की स्वतःवर राग आला की तो समोरच्यावर निघतो.

"खोडा ते," मी डॉक्टरला म्हटलं.

"काय?"

"लिहिलं ते खोडा. मी सांगतलं अन् तुमी लिहून टाकलं? पोट कोनाचं दुखून राहिलं?"

"मॅडम, तुम्हीच तर सांगितलंत ना."

तेच वाक्य. अकोल्यातलं वाक्य, इतक्या वर्षांनी, अमरावतीत, चांगल्या पोरीच्या तोंडून.

"मी सांगन हो. मी काईबी सांगन. मी बाजारात खराब मालही ताजा म्हनून सांगतो, तुमी घेसान काय? तिले इचारा."

भाची कण्हत म्हणाली, "आत्या, राहू दे ना."

"तू चूप राय," मी म्हटलं, आणि जीभ चावली, कारण हे चूप राहा प्रकरणच तर मिटवायला मी निघाले होते.

डॉक्टर जरा चिडली. "ठीक आहे, तुम्ही बाहेर बसा, मी विचारते."

मी दाराकडे निघाले आणि थांबले. असं भांडून मी बाहेर गेले तर पोरीला काय वाटेल? आत्याला संशय आला, आत्या तणतणत गेली. मग ती डॉक्टरला तेच सांगेल जे मी सांगितलं. मी तिला ओळखते, माझं मन मोडायचं नाही म्हणून तिनं इतकी वर्षं शेपूची भाजी खाल्लीय. मी परत फिरले, डॉक्टरच्या टेबलावर वाकले आणि हळू आवाजात म्हटलं, "असं नाही. तुमी मले काढा. नियम आहे म्हनून सांगा. सगळ्यायलेच काढतो म्हना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. हुशार होती. मग आवाज चढवून, भाचीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, इथला नियम आहे. तपासताना पेशंटजवळ नातेवाईक चालत नाही. लग्न झालेली असो नाहीतर नसो, सगळ्यांना तोच नियम. बाहेर थांबा."

"असला कसा नियम?" मी मुद्दाम कुरकुरले. "आमी काय खाऊन टाकतो तिले?"

"बाहेर, मावशी."

मी बाहेर गेले आणि माझ्यामागं दार लागलं.

बाकावर बसले. आता ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं भांडत होते ती मला मिळाली होती, आणि मला ती अजिबात आवडली नाही. आत काय बोलणं चाललंय? इतका वेळ का लागतोय? तो मुलगा घरी यायचा तेव्हा मी बाजारात असायचे. कितीदा आला असेल? पुडा मी आणला होता खरा, पण तो वापरला की कपाटात तसाच आहे? मी कधी पाहिलं होतं? मी मनातल्या मनात तारखा मोजायला लागले. महिन्याची अमावास्या कधी, नागपंचमी कधी. मग स्वतःचीच इतकी चीड आली की उठून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले.

एक नर्स छोटी बाटली घेऊन आतून बाहेर आली. मी तिला गाठलं.

"काय तपासून राहिले ओ तिचं?"

"पेशंटला विचारा काकू."

"मी तिची आत्या आहो. मीच वाढवली तिले."

"हो काकू. पेशंटला विचारा."

मी दोन-तीन तऱ्हेनं विचारून पाहिलं. गोड बोलले, मग चढ्या आवाजात बोलले, मग म्हटलं, फक्त हो का नाही तेवढं सांग. बाजारात माझ्यापुढं मोठमोठे दलाल नमतात. ही वीस-बावीस वर्षांची पोर नमली नाही. तिला कोणी चांगलं शिकवलं होतं. तिचं तोंड फोडावंसं वाटत होतं आणि तेव्हाच हेही वाटत होतं की अशी एक अकोल्यात त्या दिवशी दाराशी असती तर.

मग भाचीची सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करू, घाबरायचं काही नाही. मी विचारलं, "अन् बाकी?" ती म्हणाली, "बाकी आम्ही पेशंटशी बोललोय." चेहरा कोरा. मी मान हलवली. काय करणार, माझाच नियम होता.

परतवाड्याहून भावाचा फोन आला. त्याला अपेंडिक्स सांगितलं.

"बाकी तं काही नाही ना?" तो म्हणाला. साखरपुडा त्याच्या डोक्यात होता, बापाच्या डोक्यात तो असायचाच.

"बाकी मले माहीत नाही," मी म्हटलं. "अन् तुलेबी माहीत असाचं काम नाही."

"म्हंजे? काही आहे काय?"

"म्हंजे तिचं पोट तिचं आहे, हे आहे. संत्र्यायले पानी दे अन् उद्या ये."

त्यानं फोन आपटला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बोलू नकोस.

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी घरी सोडलं. जायच्या आधी दवाखान्याच्या खिडकीत मला तिची फाइल दिली, मेडिकलात दाखवायला. जाड फाइल, वर क्लिप. पहिलंच पान त्या दिवशीचं होतं. क्लिपच्या खाली मला एक ओळ दिसली, माझ्या सांगण्यावरून लिहिलेली, आणि त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली दुसरं काहीतरी लिहिलं होतं, ते क्लिपखाली होतं. अंगठ्यानं क्लिप थोडी सरकवली असती तर दिसलं असतं. मला इंग्रजी फार येत नाही, पण आकडे येतात, तारीख येते.

मी कागद न वाचता कधी हातातून सोडत नाही. चहाच्या टपरीवरची चिठ्ठीसुद्धा मी दोनदा बघते. मी तिथं खिडकीशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मागच्या माणसानं, "ओ बाई, सरका," म्हटलं तेव्हा हलले. मी त्याला दोन शब्द ऐकवले, त्याची काही चूक नव्हती.

भाची बाकावर बसली होती, पोटाला हात लावून. फाइल मी तिच्या मांडीवर टाकली.

"मेडिकलात तूच दाखव. मले नाही समजत त्यातलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे की मला सगळं समजतं. "आत्या," ती म्हणाली, "त्या दिवशी त्याईनं मले इचारलं ना—"

"मी इचारलं काय तुले?"

ती जरा हसली, टाक्यांना हात धरून. मी तिच्याकडे पाहिलं नाही, रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करत होते. तो शंभर म्हणत होता, मी साठवर अडले होते. सत्तरला जमलं. रिक्षा राजकमल चौकाकडे वळली तेव्हा वाऱ्यानं फाइलची पानं फडफडायला लागली आणि वरचं पान उलटायला आलं.

"धर ना नीट," मी तिच्यावर ओरडले आणि बाहेर बघत राहिले.